ई-मेलमधल्या लिंकवरून फॉर्म भरणे: सभासद आणि कार्यकर्त्यांसाठी माहिती

गणेशोत्सवाचा महाप्रसाद, कोजागरी, शिवजयंती, मुलांच्या स्पर्धा किंवा वार्षिक सभा जवळ आली की मंडळाला प्रत्येक घरातून एक साधे उत्तर हवे असते: येणार की नाही, आणि किती जण. पूर्वी हे काम घरोघरी वही फिरवून किंवा जवाबी पोस्टकार्ड पाठवून होत असे. आता बहुतेक संस्था ते ई-मेलवर करतात. मेलमध्ये ‘येणार’ आणि ‘जमणार नाही’ अशा दोन लिंक असतात, सभासद त्यातली एक दाबतो आणि नोंद होते.

चांदनी, नेपानगर आणि बुऱ्हाणपूर परिसरातल्या आपल्या मंडळींना ही सोय विशेष उपयोगी आहे. भुसावळ–खंडवा लोहमार्गाच्या या पट्ट्यात आपली कितीतरी घरे पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावली आहेत. नेपानगरचा कागद कारखाना १९५६ साली सुरू झाल्यावर नोकरीनिमित्त आलेली कुटुंबेही इथलीच झाली. मुले मात्र शिक्षण आणि नोकरीसाठी इंदूर, पुणे, नाशिक किंवा परदेशात आहेत. सणाला कोण घरी येणार हे आईवडिलांनाही शेवटपर्यंत ठाऊक नसते. अशा वेळी मुलांकडून थेट उत्तर आले तर आचाऱ्याला आकडा देता येतो. वरण-बट्टीचे पीठ किती भिजवायचे हे त्या आकड्यावरच ठरते. आकडा चुकला तर एकतर अन्न वाया जाते, नाहीतर शेवटच्या पंगतीला कमी पडते.

एका क्लिकमागे काय घडते, त्यात कोणते धोके असतात आणि चांगली पद्धत कोणती, हे या लेखात एकत्र दिले आहे. पहिले भाग मुख्यतः कार्यकर्त्यांसाठी आहेत. सभासदांनी लेखाच्या शेवटी दिलेल्या सूचना जरूर वाचाव्यात.

लिंकचे तीन प्रकार

मोठ्या कंपन्या ग्राहकांना मेल पाठवण्यासाठी, उत्तरे साठवण्यासाठी आणि उत्तरानुसार पुढची मेल आपोआप धाडण्यासाठी ज्या प्रणाली वापरतात त्यांना मार्केटिंग ऑटोमेशन म्हणतात. मेलचिंप, हबस्पॉट, झोहो कॅम्पेन्स, ऑरॅकल एलोक्वा ही त्यातली परिचित नावे. लहान संस्थाही आता यातल्या काही सेवा वापरतात. मेलमधून माहिती परत मिळवण्याचे त्यांतले मार्ग ढोबळमानाने तीन आहेत.

पहिला मार्ग आधीच भरलेल्या फॉर्मचा. लिंक दाबली की फॉर्म उघडतो आणि त्यात नाव, सभासद क्रमांक वगैरे रकाने भरलेले दिसतात. सभासद ते वाचतो, हवा तो बदल करतो आणि शेवटी ‘पाठवा’ दाबतो. गूगल फॉर्म्समध्ये अशी आधीच भरलेली लिंक तयार करण्याची सोय आहे आणि त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत.

दुसरा मार्ग न दिसणाऱ्या फॉर्मचा. इथे लिंक दाबताच माहिती फॉर्ममध्ये भरून जमाही होते. सभासदाला फक्त ‘आभार, आपली नोंद झाली’ असे पान दिसते. एलोक्वामध्ये याला ‘ब्लाइंड फॉर्म सबमिट’ असे नाव आहे. एका क्लिकमध्ये काम होते, म्हणून ही पद्धत लोकप्रिय आहे. खाली सांगितलेल्या अडचणीही मुख्यतः हिच्याच आहेत.

तिसरा मार्ग उत्तराच्या मेलचा. लिंक दाबली की मंडळाच्या पत्त्यावर जाणारी नवी मेल तयार होऊन उघडते. विषय आणि मजकूर त्यात आधीच लिहिलेला असतो आणि सभासदाने फक्त ‘पाठवा’ म्हणायचे असते. याला इंग्रजीत ‘मेलटू’ लिंक म्हणतात. हिला स्वतंत्र फॉर्म लागत नाही. शे-दोनशे घरांच्या मंडळाला ही पद्धत पुरते आणि ज्येष्ठांना ती समजायलाही सोपी जाते, कारण काय जाणार आहे ते डोळ्यांसमोर दिसते. अडचण एवढीच की आलेली उत्तरे कोणीतरी बसून यादीत उतरवावी लागतात. शिवाय ज्या संगणकावर मेलचा प्रोग्राम बसवलेला नाही तिथे लिंक दाबूनही काही होत नाही.

मेलच्या आतच पूर्ण फॉर्म का ठेवत नाहीत, असा प्रश्न अनेकजण विचारतात. कारण बहुतेक मेल सेवा सुरक्षेसाठी असा फॉर्म चालू देत नाहीत. जीमेलने २०१९ साली ‘एएमपी’ नावाच्या पद्धतीने मेलमध्ये फॉर्म चालवायची सोय दिली. पण पाठवणाऱ्याला त्यासाठी आधी नोंदणी करावी लागते आणि ती सगळ्या मेल सेवांमध्ये चालत नाही. त्यामुळे लिंक हाच सर्वसाधारण मार्ग राहिला आहे.

लिंकच्या पोटात काय असते

न दिसणाऱ्या फॉर्मची लिंक सोपी करून लिहिली तर अशी दिसेल: मंडळाचा-पत्ता/नोंद?सभासद=१२३&उत्तर=१. प्रश्नचिन्हाच्या आधी पानाचा पत्ता असतो आणि नंतर माहितीच्या जोड्या. प्रत्येक जोडीत डावीकडे रकान्याचे नाव, उजवीकडे त्यात भरायची माहिती आणि दोन जोड्यांच्या मध्ये ‘&’ हे चिन्ह. मेल पाठवणारी प्रणाली यादीतून प्रत्येकाचा सभासद क्रमांक उचलून त्याच्या त्याच्या मेलमधल्या लिंकमध्ये बसवते. म्हणून एकाच मजकुराची मेल शंभर जणांना गेली तरी लिंक शंभर वेगवेगळ्या असतात.

लिंक तयार करताना तीन गोष्टी नीट पाहाव्या लागतात.

मराठी अक्षरे: वेबपत्त्यात देवनागरी जशीच्या तशी जात नाही. प्रत्येक वर्ण युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत ३ बाइटचा असतो आणि प्रत्येक बाइट पत्त्यात टक्क्याचे चिन्ह अधिक दोन अंकाक्षरे असा लिहिला जातो. म्हणजे एका वर्णाची ९ चिन्हे होतात. ‘येणार’ या शब्दात मात्रा आणि काना धरून ५ वर्ण आहेत, म्हणून पत्त्यात त्याची ४५ चिन्हे होतात. पूर्ण नाव आणि पत्ता घातला तर लिंक फार लांबते आणि काही ठिकाणी मध्येच तुटते. उत्तरासाठी १ आणि ० असे आकडे वापरावेत, म्हणजे हा प्रश्नच येत नाही.

खास चिन्हे: माहितीतच ‘&’ असेल, उदाहरणार्थ ‘शेवभाजी & बट्टी’, तर प्रणाली तिथे नवी जोडी सुरू झाली असे समजते आणि पुढचा मजकूर गळतो. फोन क्रमांकाआधीच्या ‘+’ चिन्हाची बहुतेक ठिकाणी रिकामी जागा होते आणि +९१ मधला अधिक नाहीसा होतो. ही चिन्हे आधी योग्य संकेतात बदलून घ्यावी लागतात. चांगल्या प्रणाली हे स्वतः करतात, पण लिंक हाताने तयार केली असेल तर तपासून पाहावे.

रिकामे रकाने: यादीत एखाद्याचा क्रमांक नसेल तर लिंकमध्ये तिथे काहीच भरले जात नाही आणि उत्तर बेवारशी जमा होते. मेल पाठवण्यापूर्वी यादीतले रिकामे रकाने शोधून भरावेत.

क्लिक माणसानेच केला असेल असे नाही

या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची बाब. मेल सभासदापर्यंत पोहोचण्याआधी किंवा पोहोचताच तिच्यातल्या लिंक एखादे यंत्र उघडून पाहू शकते. अनेक कार्यालयांत आणि मोठ्या कंपन्यांत बाहेरून आलेल्या मेलमधील लिंक सुरक्षित आहेत का हे तपासणारी प्रणाली बसवलेली असते. ती लिंकचा पत्ता खरोखर उघडते. लिंक उघडताच नोंद होणार असेल तर सभासदाने मेल वाचण्याआधीच त्याच्या नावावर ‘येणार’ आणि ‘जमणार नाही’ अशी दोन्ही उत्तरे जमा झालेली असतात.

याचे प्रसिद्ध उदाहरण २००५ सालचे आहे. गूगलने मे महिन्यात ‘वेब ॲक्सिलरेटर’ नावाचा प्रोग्राम काढला. पाने लवकर दिसावीत म्हणून तो पानावरच्या लिंक आधीच उघडून ठेवत असे. काही संकेतस्थळांवर ‘काढून टाका’ हे कामही साध्या लिंकने होत होते. प्रोग्रामने त्या लिंकही उघडल्या आणि लोकांची साठवलेली पाने पुसली गेली. त्यावर बरीच चर्चा झाली, पण मूळ नियम जुनाच होता. वेबच्या प्रमाण नियमांनुसार पान मागवण्याची विनंती, जिला ‘गेट’ म्हणतात, ती निव्वळ पाहण्यासाठी असावी आणि तिने कशातही बदल होऊ नये. काही बदलायचे असेल, नोंदवायचे असेल किंवा पुसायचे असेल तर ‘पोस्ट’ नावाची वेगळी विनंती वापरावी. मेलमधली साधी लिंक नेहमी ‘गेट’ पाठवते. फॉर्मवरचे ‘पाठवा’ बटण ‘पोस्ट’ पाठवू शकते.

यादीतून नाव काढण्याच्या लिंकबाबतही हाच अनुभव आला. तपासणारी यंत्रे ती लिंक उघडत आणि ज्यांना मेल हवी होती त्यांचीच नावे कमी होत. म्हणून जानेवारी २०१७ मध्ये एका क्लिकमध्ये नाव काढण्याचे नवे प्रमाण आले आणि त्यात ‘पोस्ट’ विनंती सक्तीची केली गेली. मेलच्या वर, पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी दिसणारे ‘अनसबस्क्राइब’ बटण त्या प्रमाणावर चालते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना ते बंधनकारक केले. जीमेलच्या बाबतीत ही मर्यादा दिवसाला ५,००० मेलची आहे. आपल्यासारख्या मंडळाचा आकडा त्याच्या जवळपासही जात नाही, तरी नाव काढण्याची सोपी सोय ठेवणे हा साधा शिष्टाचार आहे.

उपाय सोपा आहे. मेलमधल्या लिंकने फक्त पान उघडावे. त्या पानावर सभासदाचे नाव, कार्यक्रम आणि निवडलेले उत्तर दिसावे आणि खाली एकच मोठे बटण असावे: ‘हो, नोंद करा’. नोंद त्या बटणानेच व्हावी. क्लिक एकाऐवजी दोन होतात, पण आकडा भरवशाचा मिळतो. पान उघडताच फॉर्म आपोआप पाठवणारी युक्ती काही ठिकाणी वापरतात. ती टाळावी, कारण काही तपासणी यंत्रे पानावरचा प्रोग्रामही चालवून पाहतात.

आधीच गोळा झालेल्या उत्तरांत यंत्राचे क्लिक ओळखायचे असतील तर दोन खुणा पाहाव्यात: मेल गेल्यानंतर काही सेकंदांतच आलेले उत्तर आणि एकाच सभासदाची दोन्ही उत्तरे जवळजवळ एकाच क्षणी. अशा घरी फोन करून विचारलेले बरे.

मेल उघडली याचा अर्थ वाचली असाही धरू नये. ॲपलने सप्टेंबर २०२१ पासून आपल्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची जी सोय दिली, ती सुरू असेल तर मेलमधली चित्रे ॲपलच्या यंत्रणेकडून आधीच मागवली जातात. त्यामुळे ‘इतक्या जणांनी मेल उघडली’ हा आकडा फुगतो. उपस्थितीचा अंदाज त्यावरून बांधता येत नाही.

एक लिंक, अनेक हात

आपल्याकडे मेल सहसा एका माणसापुरती राहत नाही. काकांना आलेली मेल मुलगा पाहतो, सून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकते, तिथून ती आत्याच्या घरी जाते. लिंक मात्र काकांच्या नावाची असते. आत्याने ती दाबली तर उत्तर काकांच्या नावावर पडते. पुष्कळ घरांत सगळ्यांना मिळून एकच ई-मेल पत्ता असतो, तोही बहुधा मुलाचा.

यासाठी पुढील पद्धत उपयोगी पडते. उघडणाऱ्या पानावर नाव ठळक दिसावे आणि ‘हे आपण नसाल तर इथे दाबा’ अशी सोय असावी. घर हा एकक धरून एकूण माणसे विचारावीत. एकाच लिंकवरून दोनदा उत्तर आले तर शेवटचे ग्राह्य धरावे, म्हणजे बेत बदललेल्यांना दुरुस्तीही करता येते. नोंद झाल्यावर पोचपावतीची मेल जावी. भलतेच उत्तर पडले असेल तर ते त्या पोचपावतीवरूनच लक्षात येते. कार्यक्रम संपल्यावर लिंक बंद करावी.

सभासद क्रमांक १, २, ३ असे ओळीने असतील तर ते लिंकमध्ये घालू नयेत. वर दाखवलेले उदाहरण फक्त समजण्यापुरते आहे. कोणी पत्त्यातला आकडा बदलून दुसऱ्याच्या नावाचे पान उघडू शकतो. त्याऐवजी प्रणालीने प्रत्येकासाठी लांब, ओळखता न येणारा संकेत तयार करावा आणि तो कोणाचा हे फक्त मंडळाच्या यादीत असावे.

लिंकमध्ये काय कधीच घालू नये

जवाबी पोस्टकार्डावरचे उत्तर ते हाताळणारा कोणीही वाचू शकत असे, म्हणून खाजगी गोष्ट त्यावर कोणी लिहीत नसे. लिंकचेही तसेच आहे. तिच्यातली माहिती ब्राउझरच्या इतिहासात, सर्व्हरच्या नोंदींत आणि भेटी मोजणाऱ्या सेवांकडे जशीच्या तशी उमटते. लिंक पुढे धाडली तर तीही तिच्याबरोबर जाते. म्हणून नाव, फोन क्रमांक, ई-मेल पत्ता, जन्मतारीख, रक्तगट, आजार, आधार क्रमांक किंवा देणगीची रक्कम यांपैकी काहीही लिंकमध्ये नसावे. रक्तदात्यांची यादी करताना किंवा वधू-वर मेळाव्याच्या नोंदणीत हे अधिक काटेकोरपणे पाळावे. अशी माहिती सभासदाने सुरक्षित पानावर स्वतः भरावी.

क्लिक म्हणजे संमती नव्हे

‘कोजागरीला येणार’ असे सांगणारा सभासद त्या कार्यक्रमापुरते सांगत असतो. त्यावरून त्याचा फोन क्रमांक सभासदसूचीत छापायला किंवा प्रायोजकाला द्यायला त्याने होकार दिला असे ठरत नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून कायद्यातील बंधने टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. या कायद्यानुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहिती देऊन घेतलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी आणि ती स्पष्ट कृतीतून दिलेली असावी. दिलेली संमती मागे घेणेही ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. चित्रकला किंवा वक्तृत्व स्पर्धेची नोंदणी करताना हे लक्षात ठेवावे.

कायदा बाजूला ठेवला तरी यंत्रही लिंक दाबू शकते हे आपण वर पाहिले. ज्या पद्धतीत यंत्राचा क्लिक आणि माणसाचा क्लिक वेगळे ओळखता येत नाहीत, तिच्यावरून एखाद्या आजींनी आपला फोटो संकेतस्थळावर लावायला परवानगी दिली असे म्हणता येणार नाही. संमतीसाठी नेहमी पान, त्यावर स्पष्ट वाक्य, रिकामी चौकट आणि बटण असावे. चौकटीत आधीच खूण केलेली नसावी.

सभासदांसाठी सूचना

१. मंडळाच्या मेलमधली लिंक दाबल्यावर पानावर आपलेच नाव आहे का ते पाहा. नसेल तर नोंद करू नका, कार्यकर्त्यांना कळवा.

२. बटण दाबल्यावर पोचपावती आली नाही तर नोंद झाली नाही असे समजा.

३. आपल्या नावाची लिंक गटावर टाकू नका. नातेवाइकांना यायचे असेल तर आपल्याच फॉर्ममध्ये माणसांची संख्या वाढवा.

४. उपस्थिती नोंदवण्यासाठी ओटीपी, यूपीआय पिन, बँकेचा किंवा आधारचा क्रमांक कधीच लागत नाही. असे काही मागणारे पान मंडळाच्या नावाचे असले तरी बंद करा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवा.

५. मेल नको असेल तर तसे निःसंकोच सांगा. त्याने सभासदत्वाला काही बाधा येत नाही.

६. ई-मेल नसेल किंवा वापरता येत नसेल तरी काळजी नको. फोनवर सांगितलेले उत्तर आणि सभागृहातल्या वहीतली नोंद यांना क्लिकइतकाच मान आहे.

कार्यकर्त्यांना शेवटी एकच सांगणे. मेल सगळ्यांना पाठवण्याआधी चार-पाच वेगवेगळ्या घरी चाचणी पाठवावी: एक जीमेलवर, एक कंपनीच्या पत्त्यावर, एक ॲपलच्या फोनवर आणि एक साठीपुढच्या काका-काकूंना. त्या घरांतून आलेली उत्तरे बरोबर उतरली आणि कोणी न दाबता एकही नोंद आली नाही, तरच मेल यादीला पाठवावी. आणि आचाऱ्याला आकडा देण्याच्या आदल्या दिवशी, उत्तर न आलेल्या घरी फोन करावा. ज्या घरात फक्त आजी-आजोबा आहेत तिथे हा फोन आधी जावा, कारण मेल बहुधा दूरच्या मुलाच्या पत्त्यावर गेलेली असते आणि पंगतीला यायचे असते ते या दोघांना.